वर्गातला वेळ कशासाठी?

शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिलं आहे. सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास. आकडे ऐकायला मोठे वाटतात. पण पहिली ते पाचवीचे ८०० तास २०० दिवसांवर पसरले की दिवसाला चार तास होतात, आणि हे चार तास चाळीस मुलांत सारखे वाटले तर एकेकाच्या वाट्याला शिक्षकाची सहा मिनिटं येतात. प्रत्यक्षात तेवढीही येत नाहीत. परिपाठ, हजेरी, चाचण्या, स्पर्धा, जयंत्या-पुण्यतिथ्या, तातडीने भरून द्यायची ऑनलाइन माहिती आणि शिक्षकाला शाळेबाहेर काढणारी नाना कामं यांतून जे उरतं, त्यातलाही मोठा भाग फळ्यावरचं वहीत उतरवून घेण्यात जातो.

या पुस्तकाला त्या सहा मिनिटांची काळजी आहे. वरवर पाहता त्याचा विषय ऑनलाइन आणि प्रत्यक्ष शिक्षणाची सांगड हा आहे, म्हणजे ज्याला आज ब्लेंडेड लर्निंग किंवा मिश्र अध्ययन म्हणतात तो. मोबाइल, टॅब, व्हिडिओ, ॲप हे सगळं त्यात ओघानेच येतं. मात्र साधनांची चर्चा फार लवकर शिळी होते. कालचं ॲप आज बंद पडतं, आजचा टॅब उद्या कपाटात जातो. त्यांच्या पलीकडे टिकून राहणारा प्रश्न एकच आहे: शिक्षक आणि मुलं एका खोलीत एकत्र असतात तो मोजका वेळ कोणत्या कामाला द्यायचा आणि कोणतं काम त्या वेळेतून बाहेर काढायचं? विषयाचा इतिहास, त्यातले वाद, संशोधन आणि आपल्याकडचा अनुभव या प्रश्नाभोवती मांडले की एरवी विस्कळीत वाटणारं हे क्षेत्र बऱ्यापैकी सुसंगत दिसू लागतं.

आधी विषयाची हद्द आखून घेऊ. वर्गात स्मार्ट टीव्ही लावून साऱ्या वर्गाला एकच व्हिडिओ दाखवला, तर फळ्याची जागा पडद्याने घेतली एवढंच झालं. शिक्षकाने रात्री दहाला व्हॉट्सॲप ग्रुपवर पीडीएफ टाकली आणि सकाळी तिचा विषयही काढला नाही, तर तो नुसता गृहपाठ झाला. मिश्र अध्ययनाला दोन अटी आहेत. पहिली अशी, की शिकण्याचा काही भाग मूल ऑनलाइन किंवा डिजिटल साधनावर करतं आणि त्या भागाचा वेग, वेळ, जागा किंवा वाट यांपैकी काहीतरी त्याच्या हातात असतं. त्याला व्हिडिओ थांबवता येतो, उदाहरण पुन्हा सोडवता येतं, येत असलेला भाग ओलांडून पुढे जाता येतं. दुसरी अट अधिक महत्त्वाची. पडद्यावर जे घडलं त्याचा वर्गात उपयोग झाला पाहिजे आणि वर्गात जे दिसलं त्यावरून पडद्यावर काय द्यायचं ते ठरलं पाहिजे. हा दुवा नसेल, तर एकाच विषयाच्या दोन शिकवण्या लावल्यासारखं मूल दोन्हीकडे धावत राहतं आणि दोन्हीकडे अर्धवट राहतं.

या सांगडीचा इतिहास इंटरनेटपेक्षा बराच जुना आहे. इंग्लंडमध्ये १८४० साली एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागलं आणि आयझॅक पिटमन यांनी टपालाने लघुलिपी शिकवायला सुरुवात केली. विद्यार्थी उतारा लघुलिपीत लिहून पाठवायचा, तो तपासून परत यायचा. दूरशिक्षणातली कळीची गोष्ट इथेच सापडते: मजकूर एका दिशेने जाऊन थांबत नव्हता, चुका दुरुस्त होऊन विद्यार्थ्याकडे परतत होत्या. ब्रिटनमध्ये १९६९ साली स्थापन झालेल्या आणि १९७१ मध्ये अध्यापन सुरू केलेल्या ओपन युनिव्हर्सिटीने हीच कल्पना मोठ्या प्रमाणावर राबवली. छापील पाठ आणि बीबीसीवरची प्रसारणं होतीच, पण त्यांच्या जोडीला गावोगावचे ट्यूटर आणि उन्हाळ्यातली निवासी सत्रंही होती. भारतात दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केलं, १९८५ मध्ये इग्नू आलं आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभं राहिलं. मुक्त विद्यापीठाची पुस्तकं घरी वाचून सुट्टीच्या दिवशी अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्राला जाणारी अंगणवाडी सेविका, ड्युटी सांभाळून पदवी घेणारा पोलीस शिपाई, लग्नानंतर सुटलेलं शिक्षण पुन्हा हाती घेणारी गृहिणी, या सगळ्यांनी मिश्र अध्ययन हे नाव कानावर येण्याआधीच ते केलेलं आहे.

दुसरा धागा यंत्रांचा. अमेरिकेत सिडनी प्रेसी यांनी १९२०च्या दशकात प्रश्न विचारणारं आणि उत्तर तपासणारं यंत्र बनवलं. पुढे १९५३ साली मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या शाळेत गणिताचा तास पाहायला गेले. साऱ्या वर्गाला एकाच वेळी एकच गणित. ज्याला येतं तो रिकामा बसलेला, ज्याला येत नाही तो अडकलेला, आणि बरोबर की चूक हे कळायला दुसरा दिवस उजाडणार. स्किनर यांनी त्यावर उपाय म्हणून शिकवणारं यंत्र तयार केलं. त्यात छोटे छोटे टप्पे होते, प्रत्येक टप्प्याला लगेच उत्तर मिळत होतं आणि प्रत्येकाला आपापला वेग ठेवता येत होता. इलिनॉय विद्यापीठात १९६० साली सुरू झालेल्या प्लेटो या प्रकल्पाने हे काम संगणकावर नेलं. आजच्या सराव-ॲपचं कूळ शोधत गेलं की ते इथे पोचतं.

तिसरा धागा प्रसारणाचा, आणि तो आपल्या जवळचा आहे. १९७५-७६ मध्ये इस्रो आणि नासा यांच्या सहकार्याने झालेल्या साइट या प्रयोगात उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत टीव्ही कार्यक्रम पोचवले गेले. त्यात शाळेतल्या मुलांसाठीचे कार्यक्रमही होते. १९८४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' दूरदर्शनवर सुरू झाला. पुण्याच्या बालचित्रवाणीचे कार्यक्रम पाहत मराठी मुलांची एक पिढी मोठी झाली. या कार्यक्रमांनी पुष्कळ काही दिलं, पण शाळेच्या रोजच्या घडीत ते बसले नाहीत. पाचवीचा अपूर्णांकांचा कार्यक्रम लागायचा तेव्हा पाचवीचा वर्ग भूमितीत असायचा, किंवा नेमके लाइट गेलेले असायचे. मुख्य म्हणजे शिक्षकाला त्यात काम नव्हतं. टीव्ही लावणं आणि बंद करणं एवढंच त्याच्याकडे उरत होतं.

अमेरिकन अभ्यासक लॅरी क्युबन यांनी १९८६ साली 'टीचर्स अँड मशीन्स' या पुस्तकात सिनेमा, रेडिओ, टीव्ही आणि तेव्हा नुकताच आलेला संगणक यांचा वर्गातला प्रवास तपासला. दर वेळी तीच पावलं पडलेली दिसतात. आधी शाळेचा कायापालट होणार अशी घोषणा, मग उत्साहाची लाट, मग वापर नगण्य असल्याचा शोध आणि शेवटी शिक्षकांवर खापर. नव्याचे नऊ दिवस संपले की पुन्हा येरे माझ्या मागल्या. क्युबन यांचं म्हणणं असं, की शिक्षक अडेलतट्टू म्हणून साधन नाकारत नाहीत. वर्ग सांभाळून, अभ्यासक्रम पुरा करून जे साधन आपल्या अडचणीत कामी येतं ते ते उचलतात, बाकीचं बाजूला ठेवतात. खडू आणि फळा टिकले ते याच कसोटीवर.

इंटरनेटच्या काळात हे तिन्ही धागे एकत्र आले. महाराष्ट्रात त्याचा सर्वांत व्यापक अनुभव एमएस-सीआयटीने दिला. २००१ साली स्थापन झालेल्या एमकेसीएलचा हा अभ्यासक्रम तालुक्याच्या गावापर्यंत पोचला. संगणकासमोर बसून आपल्या गतीने पुढे जायचं आणि अडलं की केंद्रातल्या सरांना किंवा मॅडमना विचारायचं, ही रीत लाखो मराठी माणसांनी तिथे पहिल्यांदा अनुभवली, भले त्यातले अनेक जण नोकरीच्या अर्जाला प्रमाणपत्र लागतं म्हणून आलेले असोत. उच्च शिक्षणात आयआयटी आणि आयआयएससी यांच्या एनपीटीईएलची व्याख्यानं खुली झाली, २०१७ मध्ये स्वयम् आणि दीक्षा हे राष्ट्रीय मंच आले. अमेरिकेत सलमान खान यांनी २००४ साली दूरच्या गावी राहणाऱ्या नात्यातल्या एका मुलीला गणित शिकवता शिकवता जे सुरू केलं त्यातून खान अकॅडमी उभी राहिली. कोलोरॅडोतल्या एका गावात जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स हे रसायनशास्त्राचे दोन शिक्षक २००७च्या सुमारास गैरहजर मुलांसाठी धडे रेकॉर्ड करू लागले, आणि त्यांच्या लक्षात आलं की हजर मुलंही ते पाहताहेत. मग समजावून सांगणं घरी आणि उदाहरणं सोडवणं वर्गात, असा त्यांनी क्रमच उलटवला. 'फ्लिप्ड क्लासरूम' हे नाव त्यातून गाजलं.

आता या क्षेत्रातले विचारप्रवाह पाहू. ढोबळमानाने ते चार आहेत.

पहिला प्रवाह वैयक्तिक गतीचा. स्किनर, १९६८ साली आपली वैयक्तिक अध्यापनपद्धती मांडणारे फ्रेड केलर आणि प्रभुत्व-अध्ययनाचा आग्रह धरणारे बेंजामिन ब्लूम हे याचे पूर्वज. एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची नाही आणि सगळ्यांनी एकाच दिवशी एकाच पानावर असण्याची गरज नाही, हे याचं सूत्र. ब्लूम यांनी १९८४ मध्ये दाखवलं होतं की एकास एक शिकवणी मिळालेली मुलं नेहमीच्या वर्गातल्या मुलांच्या खूप पुढे जातात. पण प्रत्येक मुलाला स्वतंत्र शिक्षक कोण देणार? यंत्राने ही उणीव काही अंशी भरून काढावी, अशी या प्रवाहाची आशा आहे.

दुसरा प्रवाह संवादाचा. कॅनडातले गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी २००० साली शोधक समुदायाची मांडणी केली. शिकण्याला तीन गोष्टींची उपस्थिती लागते, असं ते सांगतात: विचाराला चालना देणारा आशय, एकमेकांशी मोकळेपणाने बोलणारी माणसं आणि दिशा देणारा शिक्षक. ब्रिटनच्या डायना लॉरिलार्ड यांनीही शिकणं हे शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातलं संभाषण आहे, असं धरून साधनांची पारख केली. या प्रवाहाचा सर्वांत हातात येणारा नमुना हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक मझूर यांनी दिला. आपले विद्यार्थी अवघड गणितं सोडवतात, पण न्यूटनच्या नियमांवरच्या साध्या प्रश्नांत गडबडतात, हे त्यांना दिसलं. मग त्यांनी वाचन वर्गाआधी उरकायला सांगितलं आणि वर्गात व्याख्यानाऐवजी प्रश्न टाकायला सुरुवात केली. आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवून द्यायचं, मग पुन्हा उत्तर द्यायचं. त्यांचं यावरचं पुस्तक १९९७ मध्ये आलं. ही पद्धत मुळात कोणत्याही उपकरणावर अडून नाही. हात वर करून किंवा कार्ड दाखवूनही ती चालते.

तिसरा प्रवाह शाळेची मांडणीच बदलू पाहतो. मायकेल हॉर्न आणि हेदर स्टेकर यांनी अमेरिकन शाळांचे प्रकार लावले. गटांनी ठरलेल्या वेळाने जागा बदलण्याचं चक्र, उलटा वर्ग, बहुतांश ऑनलाइन पण शिक्षक हाताशी असलेलं लवचीक प्रारूप, एखादाच विषय ऑनलाइन, आणि मुख्यतः घरून शिकत अधूनमधून शाळेत येणं, अशी त्यांची साधारण वर्गवारी आहे. सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीच्या ब्रायन बीटी यांनी मांडलेल्या हायफ्लेक्समध्ये तर आज वर्गात यायचं की घरून सामील व्हायचं, हे विद्यार्थीच ठरवतो. ही वर्गवारी उपयोगी आहे, पण ती नकाशासारखीच वापरावी. अनेक प्रशिक्षणांत शिक्षकांकडून ही नावं पाठ करून घेतली जातात आणि वर्गात काय बदलायचं, ते राहून जातं.

चौथा प्रवाह साशंकांचा, आणि बाकीच्या तिघांना भानावर ठेवण्याचं काम तो करतो. रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ साली असं प्रतिपादन केलं की माध्यम स्वतः काही शिकवत नाही. फरक पडतो तो अध्यापनाच्या पद्धतीने. रॉबर्ट कोझ्मा यांनी १९९१ मध्ये त्याचा प्रतिवाद केला: काही माध्यमं काही गोष्टी दाखवू शकतात ज्या एरवी दिसत नाहीत, तेव्हा माध्यम आणि पद्धत इतक्या सहज वेगळ्या करता येत नाहीत. हा वाद मिटलेला नाही. युनेस्कोच्या २०२३च्या जागतिक शिक्षण अहवालाने तंत्रज्ञानाचा वापर कुणाच्या अटींवर होतो, हाच प्रश्न शीर्षकात घेतला आणि अनेक उत्पादनांच्या दाव्यांमागे पुरेसा स्वतंत्र पुरावा नसल्याकडे लक्ष वेधलं.

मग पुरावा काय सांगतो? अमेरिकेच्या शिक्षण खात्यासाठी बार्बरा मीन्स आणि सहकाऱ्यांनी केलेलं संशोधनांचं एकत्रित विश्लेषण २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. मिश्र पद्धतीने शिकलेले विद्यार्थी निव्वळ प्रत्यक्ष वर्गात शिकलेल्यांपेक्षा सरासरीने पुढे होते. हा निष्कर्ष विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत हमखास सापडतो, पण त्याच अहवालातली पुढची ओळ सहसा सापडत नाही: मिश्र गटांना अनेकदा जास्तीचा वेळ आणि जास्तीचं साहित्यही मिळालं होतं, तेव्हा श्रेय केवळ माध्यमाला देता येत नाही. शिवाय त्यातले बहुतेक अभ्यास महाविद्यालयीन किंवा प्रौढ विद्यार्थ्यांचे होते. शालेय मुलांवरचे मोजकेच.

भारतातले दोन अभ्यास आपल्यासाठी अधिक बोलके आहेत. ली लिंडन या अर्थतज्ज्ञाने गुजरातमध्ये ज्ञानशाला या संस्थेच्या वर्गांत एकच संगणक-कार्यक्रम दोन प्रकारे वापरून पाहिला. काही ठिकाणी तो शाळेच्या वेळात, शिक्षकाच्या अध्यापनाच्या जागी ठेवला. काही ठिकाणी शाळा सुटल्यावर, अध्यापनाला जोड म्हणून. जिथे जोड म्हणून वापरला तिथे मुलांना फायदा झाला. जिथे चांगल्या शिकवण्याची जागा त्याने घेतली तिथे मुलं मागे पडली. संगणक तोच आणि कार्यक्रमही तोच. वर्गातला कोणता वेळ त्याने घेतला, एवढ्यावर निकाल फिरला.

दुसरा अभ्यास कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गनिमियन यांचा, दिल्लीतल्या माइंडस्पार्क केंद्रांचा. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सहावी ते नववीची मुलं शाळेनंतर केंद्रात येत. त्यातली ४५ मिनिटं ती आपल्या पातळीनुसार बदलत जाणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करत आणि ४५ मिनिटं छोट्या गटात माणसाकडून शिकत. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी या दोन्हींत लक्षणीय प्रगती दिसली. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट सुरुवातीच्या चाचणीत आढळली: सहावीतलं सरासरी मूल गणितात जवळपास अडीच इयत्ता मागे होतं आणि वरच्या वर्गांत हे अंतर वाढत गेलं होतं. म्हणजे सहावीचा धडा सहावीच्या वर्गाला कितीही छान शिकवला, तरी तो बहुतेकांच्या डोक्यावरून जाणार होता. पातळीप्रमाणे सराव देणं हे एका शिक्षकाला चाळीस मुलांसाठी रोज जमणारं काम नाही, आणि यंत्राचा खरा उपयोग नेमका तिथे आहे.

महाराष्ट्रात मिश्र अध्ययनाची चर्चा कोरोनाला वगळून करता येत नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या (एनएसएस) ७५व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये देशातल्या ग्रामीण घरांपैकी जेमतेम १५ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती आणि सुमारे ४ टक्के घरांत संगणक. शहरी घरांत हेच प्रमाण ४२ आणि २३ टक्के. अशा पायावर ऑनलाइन शाळा उभी करायची होती. जे घडलं त्याला मिश्र अध्ययन म्हणता येणार नाही. ती आणीबाणीची डागडुजी होती. पण त्यात सुचलेले उपाय विसरण्यासारखे नाहीत. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली आणि घरातल्या, परसातल्या वस्तूंनी करता येतील अशा कृती तिने मुलांना दिल्या. सोलापूरच्या नीलमनगर भागात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. पालघरच्या पाड्यांवर भोंग्यावरून पाठ ऐकवले गेले. जिथे रेंज नव्हती तिथे शिक्षक दुचाकीवर कृतिपत्रिका घेऊन फिरले. यातल्या बहुतेक उपायांत इंटरनेट नव्हतंच; पाठ मुलाकडे पाठवायचा आणि मग मुलाला गाठायचं, ही पिटमनच्या काळची जोडणी मात्र होती.

आपल्याकडे या विषयाची स्वतःची पार्श्वभूमीही आहे. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावादी वर्ग कसा असतो, हे राज्याला दाखवलं. फरशीवर आखलेली कोष्टकं, कोपऱ्याकोपऱ्यात मांडलेलं साहित्य आणि त्याभोवती आपापलं काम करणारी मुलं पाहायला राज्यभरातून शिक्षक तिथे गेले. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि बालभारतीच्या पुस्तकांतही आज असे कोड दिसतात. पहिल्या उदाहरणात पडदा नाही, दुसऱ्यात आहे; पण मुलाने शिक्षकाची वाट न पाहता काही भाग स्वतः गाठावा, ही दृष्टी दोन्हींत आहे.

या दृष्टीची सर्वांत जास्त गरज द्विशिक्षकी शाळेला आहे. तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग घ्या. एका खोलीत २४ मुलं, एक शिक्षिका, लोकवर्गणीतून आलेले दोन टॅब. रेंज बेभरवशाची, म्हणून बाईंनी पाठ आधीच डाउनलोड करून ठेवलेले. तिसरीची मुलं वहीत वजाबाकी सोडवत बसली आहेत. चौथीचे तीन गट आहेत: एक टॅबवर अपूर्णांकांचा सराव करतो, एक कागदाच्या पट्ट्यांना घड्या घालून रंगवतो, तिसरा बाईंजवळ गोलात बसतो. टॅबच्या नोंदीत बाईंना दिसलं आहे की चार मुलं एक छेद तीन आणि एक छेद चार यांत दर वेळी एक छेद चार मोठा म्हणतात. ती चार मुलं आज बाईंजवळच्या गटात आहेत. बाई उत्तर सांगत नाहीत. का, ते विचारतात. एक म्हणतो, तीनपेक्षा चार मोठे. दुसरी म्हणते, चार तुकडे आहेत ना, मग जास्तच झाले. चूक एकच, पण वाटा दोन. पहिल्याने नुसता छेदाचा अंक पाहिला. दुसरीने तुकड्यांची संख्या मोजली, त्यांचा आकार नाही. एक भाकरी तिघांत आणि तशीच दुसरी चौघांत वाटली तर कुणाच्या वाट्याला मोठा तुकडा येईल, असं बाई विचारतात तेव्हा दुसरी लगेच सावरते. पहिल्याला मात्र पट्टी घडी घालून पाहावी लागते. टॅबने चूक कुणाची ते सांगितलं. ती का होते, ते बोलण्यातून कळलं. आणि हे बोलणं शक्य झालं, कारण त्या दहा मिनिटांत बाकीची वीस मुलं कामात गुंतलेली होती.

हा प्रश्न आत्ताच ऐरणीवर येण्याची कारणंही स्पष्ट आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने मिश्र प्रारूपांचा पुरस्कार केला. मे २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या संकल्पना-टिपणाने अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवण्याची कल्पना मांडली, आणि महाविद्यालयांत चर्चा टक्केवारीभोवती फिरू लागली. दरम्यान फोन घराघरांत शिरले. ग्रामीण भारतातल्या २०२४च्या असर पाहणीत १४ ते १६ वयोगटातल्या ८२ टक्के मुलांनी आपल्याला स्मार्टफोन वापरता येतो असं सांगितलं. त्यांच्यापैकी ५७ टक्क्यांनी पाहणीच्या आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. त्याच पाहणीत पाचवीतल्या निम्म्याहून थोड्या कमी मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. फोन हाताशी आहे आणि वाचन हाताशी नाही, अशी ही स्थिती आहे.

भरीस भर म्हणून २०२२च्या अखेरीपासून चॅटजीपीटीसारखी साधनं सर्वांच्या आवाक्यात आली. घरून लिहून आणलेला निबंध किंवा सोडवून आणलेलं उदाहरण यावरून मुलाला काय समजलं हे ओळखणं अवघड होत चाललं आहे. त्याला स्वतःच्या शब्दांत सांगायला लावणं, उलट प्रश्न विचारणं, त्याच्या शेजारी बसून पायऱ्या पाहणं, हे उपाय उरतात, आणि ते सगळे वर्गातल्या वेळेवर अवलंबून आहेत. यंत्र जितकं हुशार होईल तितकी ही समोरासमोरची मिनिटं महाग होणार आहेत.

अडचणी झाकून ठेवण्यात अर्थ नाही. फोन घरात असणं आणि मुलाला मिळणं यांत फरक आहे. वडील कामावरून परतल्यावर तो मिळतो, आणि अनेक घरांत आधी भावाला, मग बहिणीला. रिचार्ज संपलं की अभ्यास थांबतो. मुलांची माहिती कोणत्या कंपनीकडे जाते, ते शाळेला माहीत नसतं. आणि शिक्षकाचं काम घटत नाही, निदान सुरुवातीला वाढतंच. पाठ निवडणं, नोंदी वाचणं, गट बदलणं यासाठी वेळ लागतो, आणि तो वेळापत्रकात कुठेच धरलेला नसतो. रात्री अकरापर्यंत ग्रुपवर उत्तरं देणारा शिक्षक हे या पद्धतीचं यश मानू नये.

हे पुस्तक शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयातल्या शिक्षकांसाठी, डीएड-बीएडच्या विद्यार्थ्यांसाठी आणि शाळेला काही साहित्य देऊ पाहणाऱ्या ग्रामस्थांसाठी व संस्थांसाठी तयार केलं आहे. कोणतं ॲप घ्यावं, याची शिफारस त्यात सापडणार नाही. सिद्धान्त जिथे वर्गात काही ठरवायला मदत करतो तिथेच घेतला आहे. भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रं यांना एकच साचा लावलेला नाही, कारण कविता समजून घेण्याचा वेळ आणि समीकरणाचा सराव करण्याचा वेळ वेगवेगळ्या प्रकारे वाटावा लागतो. एक टॅब असलेली शाळा, एकही नसलेली शाळा आणि प्रत्येकाच्या हाती फोन असलेलं महाविद्यालय या तिन्ही परिस्थिती मनात ठेवल्या आहेत. त्यामुळे काही ठिकाणी ऑनलाइन भागाची जागा छापील कृतिपत्रिकेने घेतलेली दिसेल. त्यात कमीपणा काही नाही. मुलाला स्वतःच्या गतीने करता येईल आणि शिक्षकाला त्यावरून काही कळेल, एवढं काम कागदही करतो. लहान मुलांच्या बाबतीत हात आखडता घेतला आहे. पहिली-दुसरीच्या मुलाला पडद्यापेक्षा माणसाचं बोलणं, गोष्ट आणि हातात धरण्याच्या वस्तू यांची अधिक गरज आहे, अशी या पुस्तकाची भूमिका आहे.

पुस्तक सलग वाचलंच पाहिजे असं नाही. आपल्या विषयाचा एखादा घटक निवडावा, दर वर्षी जिथे मुलं अडतात असा. त्यातलं काय सांगण्यासारखं आहे, काय सरावाचं आहे आणि कशासाठी आपण समोर असणं अपरिहार्य आहे, याच्या तीन याद्या कराव्यात. पहिल्या दोन याद्यांतलं जमेल तेवढं वर्गातल्या वेळेबाहेर किंवा गटकामात हलवावं. महिनाभराने फक्त एक गोष्ट तपासावी: मुलांचं म्हणणं ऐकायला आपल्याला पूर्वीपेक्षा जास्त वेळ मिळतो आहे का? मिळत असेल, तर साधन साधंसुधं असलं तरी मिश्र अध्ययन जमलं. मिळत नसेल, तर ते कितीही महागाचं असो, खुशाल बाजूला ठेवावं आणि दुसरं काही करून पाहावं.